साध्या आजारासाठी घेतलेलं रेडिएशन आणि पुढे त्वचेचा कॅन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना कॅन्सर नव्हता, तरीही कधीकाळी डोक्याला, चेहऱ्याला, मानेला किंवा एखाद्या वणाला रेडिएशन दिलं गेलं, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी ही माहिती आहे. ज्यांना आज केलॉइड (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड वण) किंवा तसल्याच कारणासाठी रेडिएशन सुचवलं गेलंय, त्यांनीही वाचावी. नागपुरातल्या आमच्या त्वचारोग ओपीडीत हेच प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं लिहिताना घाबरवण्याचा हेतू नाही. पण 'काही होत नाही हो' म्हणून वाटेला लावण्याचाही नाही.

कॅन्सर नसताना रेडिएशन? असं कुणी देतं का?

आज क्वचित देतात. एके काळी सर्रास देत. रॉन्टगेनने एक्स-रे शोधले १८९५ साली, आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरने एका लहान मुलीच्या पाठीवरचा मोठा केसाळ तीळ एक्स-रेने 'साफ' करून दाखवला. केस गेले, पण पाठीवर जखम झाली. त्यानंतरची जवळजवळ साठ वर्षं एक्स-रे हा त्वचेच्या डॉक्टरांचा आवडता उपाय होता. मुरुमं, इसब, सोरायसिस, चामखीळ, बाळाच्या अंगावरचा लाल मस, वाढलेले टॉन्सिल, तान्ह्या बाळांची 'मोठी' थायमस ग्रंथी, मणक्याचा संधिवात, बायकांच्या चेहऱ्यावरची लव, सगळ्यासाठी एक्स-रे. अमेरिकेत १९२०च्या दशकात तर नको असलेले केस काढायला सौंदर्यगृहांत एक्स-रेची यंत्रं बसवली होती. चालवणाऱ्या बहुतेक डॉक्टर नव्हत्याच.

सगळ्यात मोठी संख्या डोक्यात खवडे (टाळूला होणारा बुरशीचा आजार) झालेल्या मुलांची. या बुरशीवर पोटातून घ्यायचं औषधच नव्हतं. मग डोक्याचे पाच भाग आखून प्रत्येक भागावर एक्स-रे सोडायचे. दोन-तीन आठवड्यांत केस गळायचे, केसांबरोबर बुरशी जायची आणि काही महिन्यांत केस परत यायचे. इस्रायलमध्ये १९४८ नंतर बाहेरून आलेल्या हजारो मुलांना, न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९५९ दरम्यान दोन हजारांवर मुलांना, आणि पूर्व युरोपातही असे उपचार झाले. १९५८च्या सुमारास ग्रिझिओफल्विनच्या गोळ्या आल्या आणि ही पद्धत झपाट्याने बंद पडली.

त्या काळच्या डॉक्टरांना धोका ठाऊकच नव्हता, असं मात्र म्हणता येत नाही. एक्स-रेमुळे झालेला त्वचेचा पहिला कॅन्सर १९०२ साली हॅम्बुर्गच्या फ्रीबेन यांनी नोंदवला, तो एक्स-रे यंत्रांशी रोज काम करणाऱ्या माणसाच्या हातावर होता. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये अशाच कॅन्सरने गेला. वारंवार आणि भरपूर किरण लागले तरच हे होतं, रुग्णाला दिलेल्या मोजक्या मात्रेने नाही, अशी समजूत होती. ती चुकीची ठरायला पन्नास वर्षं लागली, कारण परिणामच तेवढ्या उशिरा दिसतो.

आईला लहानपणी 'शेक' दिला होता म्हणे. तो रेडिएशनच होता का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे 'शेक', 'सिकाई', 'लाईट' हे शब्द चार-पाच वेगवेगळ्या उपचारांना वापरले जातात. गुडघा किंवा कंबर दुखते म्हणून फिजिओथेरपीत दिलेला शेक (डायथर्मी, लाल दिवा, अल्ट्रासाउंड) म्हणजे नुसती उष्णता, त्याने कॅन्सर होत नाही. कोडासाठीचा लाईट म्हणजे अतिनील किरण, त्याबद्दल पुढे आहे. कॅन्सर हॉस्पिटलात जाड भिंतींच्या खोलीत एकट्यालाच झोपवून, सगळे बाहेर जाऊन दिलेला 'शेक' म्हणजे रेडिएशन.

आईला किंवा तिच्या मोठ्या बहिणीला हे विचारून बघा: उपचाराच्या वेळी खोलीत ती एकटीच होती का? डोळ्यांवर किंवा गळ्यावर जड पत्रा, जड रबरासारखं काही ठेवलं होतं का? (ते शिसं.) नंतर त्या जागचे केस गळाले का? गरम लागलं होतं का? रेडिएशन लागताना काहीच जाणवत नाही. 'छान गरम वाटायचं' असं उत्तर आलं, तर तो साधा शेक.

कागद सापडण्याची आशा फार धरू नका. मग त्वचेकडे बघायचं. रेडिएशन बऱ्यापैकी लागलेली जागा पुढे पातळ, चकचकीत, कोरडी होते. तिच्यावर लाल बारीक शिरांचं जाळं दिसतं, कुठे पांढुरके तर कुठे काळपट डाग असतात आणि केस विरळ असतात. बऱ्याचदा या बदललेल्या त्वचेला सरळ कडा असते, कारण यंत्राचा झरोका चौकोनी किंवा गोल असे. पण मात्रा कमी असेल तर त्वचा अगदी नेहमीसारखी दिसू शकते, आणि तरीही धोका थोडा वाढलेला असू शकतो.

धोका नेमका किती वाढतो?

सगळ्यात भरवशाची माहिती त्याच खवडेवाल्या मुलांकडून मिळाली, कारण त्यांचा माग अनेक दशकं ठेवला गेला. इस्रायलमध्ये दहा हजारांवर मुलांची तुलना रेडिएशन न घेतलेल्या मुलांशी केली, तेव्हा डोक्या-मानेवरच्या बेसल सेल कॅन्सरचं (त्वचेचा, जागच्या जागी पोखरणारा कॅन्सर) प्रमाण सुमारे पाचपट निघालं. न्यूयॉर्कच्या गटात ते साडेतीन पटीच्या आसपास होतं. मेलॅनोमा, म्हणजे तिळाचा तो जहाल कॅन्सर, इस्रायलच्या गटात विशेष वाढलेला दिसला नाही. स्क्वेमस सेल कॅन्सरही (त्वचेचाच, पण बेसल सेलपेक्षा गंभीर प्रकार) त्या मात्रेला वाढला नाही. तो जास्त करून तिथे होतो जिथे मात्रा इतकी होती की त्वचा कायमची करपली, पातळ झाली किंवा तिच्यावर न भरणारा व्रण राहिला.

'पाचपट' ऐकून छातीत धस्स होतं. पण पट कशाची, हे विचारायला हवं. ज्या माणसाला हा कॅन्सर होण्याची शक्यता मुळात हजारात एक असेल, त्याची पाचपट म्हणजे हजारात पाच. उरलेल्या ९९५ जणांना काहीच होत नाही. (हा आकडा फक्त हिशोब समजावा म्हणून घेतलाय, तुमची शक्यता म्हणून नव्हे.) म्हणून रेडिएशन घेतलेल्या माणसाला आम्ही 'तुम्हाला कॅन्सर होणार' असं सांगत नाही. 'ती जागा वर्षातून एकदा दाखवत जा' एवढंच सांगतो.

धोका कमीजास्त करणाऱ्या गोष्टी अशा. वय जितकं लहान, तितका धोका जास्त. तिसऱ्या-चौथ्या वर्षी रेडिएशन घेतलेल्या मुलाला बाराव्या वर्षी घेतलेल्यापेक्षा अधिक. मात्रा जितकी मोठी, तितका जास्त. आणि वाढलेला धोका त्या जागेपुरताच असतो. पाठीवर रेडिएशन घेतलं म्हणून नाकावर कॅन्सर होत नाही.

चाळीस वर्षं होऊन गेली. आता काय व्हायचं राहिलंय?

सगळेच हा प्रश्न विचारतात, आणि सगळ्यांचीच समजूत उलटी असते. औषधाचा दुष्परिणाम काही दिवसांत दिसतो, फार तर काही महिन्यांत. रेडिएशनच्या कॅन्सरचं तसं नाही. पहिली दहा-पंधरा वर्षं सहसा काहीच दिसत नाही. वीस वर्षांनंतर आकडा हलायला लागतो आणि चाळीस वर्षांनीही वाढीव धोका टिकून असल्याचं या अभ्यासांत दिसलं. म्हणजे पन्नास-साठ वर्षांचा माणूस, ज्याने पाचव्या वर्षी रेडिएशन घेतलं आणि जो ते केव्हाच विसरला, तोच नेमका आमच्यासाठी महत्त्वाचा.

म्हणून 'इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणजे सुटलो' हा हिशोब इथे लागू होत नाही. मुदत संपत नाही. वय वाढतं तसा त्वचेचा कॅन्सर एरवीही वाढतो, त्यात जुन्या रेडिएशनची भर.

आपली त्वचा सावळी. हे गोऱ्या लोकांचं दुखणं ना?

बऱ्याच अंशी खरं आहे. न्यूयॉर्कच्या त्या अभ्यासात जवळपास पाव मुलं कृष्णवर्णीय होती आणि वाढीव त्वचेचा कॅन्सर जवळजवळ सगळा गोऱ्यांतच दिसला. त्वचेतला काळा रंग सूर्याच्या अतिनील किरणांना अडवतो, आणि जुनं रेडिएशन व रोजचं ऊन मिळून नुकसान करतात, असंच यातून दिसतं. एक्स-रेला मात्र तो रंग अडवत नाही.

पण 'बऱ्याच अंशी' म्हणजे 'पूर्ण' नव्हे. भारतीयांनाही बेसल सेल कॅन्सर होतो, आणि आपल्या त्वचेवर तो पुस्तकातल्या चित्रासारखा गुलाबी, मोत्यासारखा दिसत नाही. काळा किंवा निळसर काळा दिसतो. त्यामुळे रुग्ण त्याला तीळ समजतो आणि कधी कधी डॉक्टरही. 'म्हातारपणी आलेला तीळ' म्हणून तो चार-पाच वर्षं सहज निघून जातो. गोऱ्यांना धोका जास्त, आपल्याला उशीर जास्त.

कशाकडे लक्ष ठेवायचं?

एक प्रसंग सांगतो, नाव-गाव बदलून. साठी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक. लहानपणी डोक्याला 'मशीन लावली' होती, एवढंच त्यांना आठवत होतं. कानामागे केसांच्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा फुगवटा. त्यांना तो कधीच दिसला नव्हता, दिसणार तरी कसा! त्यांच्या सलूनवाल्याने दोनदा सांगितलं, 'काका, इथे वस्तरा लागला की रक्त येतं, दाखवून घ्या.' फुगवट्यावर जेल लावून डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) ठेवला. साध्या डोळ्यांना एकसारखा काळा वाटणारा तो ठिपका दहापट मोठा केल्यावर वेगळाच दिसतो: कडेला निळसर करड्या गोळ्या, पानाच्या टोकांसारखे तपकिरी पट्टे, आणि वरून झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या लालभडक बारीक शिरा. मध्ये खपली, खपलीखाली ओलसर खड्डा. तिळात असं दिसत नाही. तुकडा तपासला तर बेसल सेलच निघाला, आणि छोट्या शस्त्रक्रियेत पूर्ण निघूनही गेला.

घरी बघताना या गोष्टी शोधा:

खपली धरते, पडते, परत धरते, असं दोन महिन्यांहून जास्त चाललेली जागा. थोडक्या घासण्याने रक्त येणारा ठिपका. नवा आलेला, हळूहळू वाढणारा, चकचकीत कडेचा काळा किंवा कातडीच्या रंगाचा फुगवटा. जुन्या पातळ पडलेल्या त्वचेत मध्येच घट्ट लागणारी गाठ, किंवा न भरणारा व्रण. खरखरीत, शिंगासारखी टोकदार वाढ. यातलं काहीही दुखत नाही, हा या आजाराचा सगळ्यात वाईट भाग. 'दुखत नाही ना, मग राहू द्या' असं म्हणूनच लोक थांबतात.

टाळू, कानामागची घडी, मानेची मागची बाजू स्वतःला दिसत नाही. सलूनवाल्याला किंवा डोक्याला तेल लावून देणाऱ्या घरच्या माणसाला सांगून ठेवा. तीन-चार महिन्यांनी मोबाईलने एक फोटो काढा, त्याच उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. वाढ कळते ती फोटोवरूनच, आठवणीवरून नाही.

त्यावर काही लावून बघू का?

बिब्बा, चुना-सोडा, शेंदूर, मेडिकल स्टोअरमधून आणलेलं मस जाळायचं औषध, यातलं काहीही नको. विदर्भात बिब्ब्याचा मोह मोठा आहे. बिब्ब्याने वरची कातडी भाजते, कॅन्सर खाली तसाच राहतो, आणि वर आलेल्या वणामुळे आम्हालाही त्याची कड सापडत नाही. स्टिरॉइडची ट्यूबही नको.

बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो म्हणतात.

पसरत नाही. एका सुईने जागा बधिर करायची, तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने पेन्सिलच्या टोकाएवढा तुकडा काढायचा, एक टाका घालायचा. घरी जाऊन जेवून ऑफिसला जाता येतं. ही समजूत बहुधा अशी पक्की झाली असावी की लोक फार उशिरा येतात, तेव्हा बायोप्सी होते, आणि त्यानंतर काही दिवसांत बिघडलेलं दिसतं. बिघाड आधीपासूनचा असतो, बोल सुईला लागतो.

फक्त एक लक्षात ठेवा: पातळ पडलेल्या, जुन्या रेडिएशनच्या जागेवर टाके सावकाश भरतात. म्हणून तुकडा काढण्याआधी डॉक्टरांना रेडिएशनचं सांगा.

आणि कॅन्सर निघालाच तर?

बेसल सेल असेल तर आधी श्वास घ्या. तो जागच्या जागी पोखरतो, शरीरात इतरत्र जाण्याचं प्रमाण अतिशय कमी. कडेसकट काढला की बहुतेकांचं काम तिथेच संपतं. नाक, पापणी, कान अशा जागी शक्य असेल तिथे मोह्स पद्धत वापरतात, म्हणजे थर काढायचा, तिथल्या तिथे तपासायचा आणि कड साफ होईपर्यंतच पुढे जायचं.

स्क्वेमस सेल जास्त गंभीर, आणि रेडिएशनच्या वणात उठलेला तर अधिकच. तो मानेत, काखेत, जांघेत अवधाण (गाठी) आणू शकतो. तिथे कॅन्सर सर्जनकडेच जायचं, छोट्या क्लिनिकमध्ये 'गाठ काढून टाकू' म्हणून नाही.

आणखी एक. जिथे आधीच रेडिएशन झालंय, तिथला नवा कॅन्सर पुन्हा रेडिएशननेच बरा करणं आम्ही शक्यतो टाळतो. शस्त्रक्रिया हा पहिला पर्याय. वयामुळे किंवा जागेमुळे ती होत नसेल, तरच दुसरा विचार. आणि एकदा एक निघाला की त्याच जागेत दुसरा, तिसरा येण्याची शक्यता असते, त्यामुळे त्यानंतरच्या तपासण्या वर्षातून एक नव्हे, सहा महिन्यांनी.

नागपूरच्या उन्हाचं काय?

मघाशी म्हटलं तसं, जुनं रेडिएशन आणि ऊन मिळून काम करतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो तेव्हा सगळं नागपूर दुपट्टा बांधूनच फिरतं, नवतपात तर रस्तेच ओस पडतात. पण दुपट्टा लोक बांधतात तो गरम लागतं म्हणून. अतिनील किरण गरम लागत नाहीत. डिसेंबरच्या गुलाबी थंडीत फुटाळा तलावावर दुपारी बसलं तरी ते लागतात, काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत जानेवारीत दिवसभर तोडणी करणाऱ्याला तर नक्कीच. होळीपर्यंत ते चांगले तीव्र झालेले असतात, तेव्हा दुपट्टे अजून कपाटातच असतात.

तर सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात, बाराही महिने, ती जागा झाकायची. टाळू असेल तर टोपी, मान असेल तर मागे पदर सोडलेली टोपी किंवा घट्ट विणीचा सुती दुपट्टा. पातळ जॉर्जेटची ओढणी उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसत असेल तर किरणही आरपार. झाकता येत नाही तिथे एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी. सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत पुरतं, असं समजू नका. घामात ते वाहून जातं.

मला केलॉइडसाठी रेडिएशन सुचवलंय. हे सगळं वाचून आता घेऊच नये असं वाटतंय.

थांबा. जुन्या काळचं रेडिएशन आणि आजचं यांत मोठा फरक आहे.

केलॉइड नुसतं कापून काढलं तर निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांत ते परत येतं, बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोठं. कापल्यावर एक-दोन दिवसांच्या आत तीन-चार बैठकांत रेडिएशन दिलं, तर परत येण्याचं प्रमाण बरंच खाली येतं. आजची यंत्रं इलेक्ट्रॉन किरण देतात, ते त्वचेत काही सेंटिमीटर जाऊन थांबतात. आजूबाजूची जागा शिशाने झाकतात. मात्रा कॅन्सरच्या उपचाराच्या जेमतेम चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याएवढी. केलॉइडच्या रेडिएशननंतर कॅन्सर झाल्याच्या नोंदी जगभरात मोजक्या आहेत, आणि त्यांत बऱ्याच जुन्या पद्धतीच्या आहेत.

तरीही आमचं मत असं की रेडिएशन पहिला उपाय नको. आधी स्टिरॉइडची इंजेक्शनं, सिलिकॉनची पट्टी, थंड वायूने गोठवणं, दाब देणारं कानातलं, हे सगळं करून बघा. हे फसलं आणि केलॉइड खरंच त्रासाचं असेल, तरच रेडिएशन. लहान मुलांना शक्यतो नाहीच. तरुण मुलीच्या छातीवर किंवा गळ्यावर असेल तर दोनदा विचार, कारण खाली स्तन आणि थायरॉइड आहेत. गरोदरपणात नाही. आणि कानाच्या पाळीवरच्या टोचलेल्या जागेच्या केलॉइडला तर इतर उपायांनीही चांगला गुण येतो.

डॉक्टरांना हे विचारा: एकूण मात्रा किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), किती बैठका, कोणते किरण, आजूबाजूला काय झाकणार. उत्तर सहज आणि नेमकं आलं पाहिजे. एका ओळीत लिहून मागा आणि फाईलला लावा. तीस वर्षांनी तुमच्या मुलीला तो कागद सापडला, तर तिला आमच्या ओपीडीत अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

दोन प्रकारच्या लोकांनी मात्र फार जपावं. ज्यांच्या घरात कमी वयात अनेक बेसल सेल कॅन्सर होण्याचा गोर्लिन नावाचा आनुवंशिक विकार आहे, त्यांना रेडिएशनच्या जागेवर ढिगाने कॅन्सर उठू शकतात. आणि किडनी बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षानुवर्षं घेणारे. ही गोष्ट आपणहून सांगा, विचारण्याची वाट बघू नका.

कोडासाठी लाईट घेते आहे. मलाही धोका?

ते रेडिएशन या अर्थाने नाही, अतिनील प्रकाश आहे. जुन्या पद्धतीत सोरालेनची गोळी घेऊन यूव्हीए लाईट (पुवा) देत. अमेरिकेत १९७५ च्या सुमारास सुरू झालेल्या, १३८० सोरायसिस रुग्णांच्या एका दीर्घ अभ्यासात, शेकडो बैठका घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत स्क्वेमस सेल कॅन्सर बराच वाढलेला दिसला. आपल्या सावळ्या रुग्णांत तशी वाढ दिसलेली नाही. आज बहुतेक ठिकाणी नॅरोबँड यूव्हीबी वापरतात, तो अधिक सुरक्षित समजला जातो. बैठकांची मोजणी असलेलं कार्ड जपून ठेवा. बावची लावून अंगणात उन्हात बसण्याचा घरगुती प्रयोग मात्र नको, बावचीत सोरालेनच असतं आणि मात्रा कुणीच मोजत नाही. भाजून आलेले पाय आम्ही दर उन्हाळ्यात बघतो.

अँजिओप्लास्टीनंतर बाबांच्या पाठीवर चौकोनी डाग आलाय. याचा काही संबंध?

असू शकतो, आणि हे फार थोड्यांना सुचतं. अवघड अँजिओप्लास्टी तास-दोन तास चालते, तेवढा वेळ एक्स-रे पाठीच्या एकाच जागेतून आत जात असतात. दोन ग्रेच्या वर गेलं की त्वचा लाल होऊ शकते, त्याहून बरंच वर गेलं तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी व्रण. बहुतेक उजव्या खांद्याच्या पात्याखाली. घरचे त्याला नायटा समजतात, कुणी शय्याव्रण समजतं. मलमावर मलम चालू राहतं. डॉक्टरांना अँजिओप्लास्टीची तारीख सांगा. कॅन्सरची भीती इथे दूरची आहे, आधी जखम भरणं महत्त्वाचं. पण तोही डाग पुढे आयुष्यभर बघत राहायच्या यादीत टाका.

थायरॉइडसाठी आयोडीनचं औषध प्यायले होते.

रेडिओआयोडीन थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं, ग्रंथीवर काम करणारे त्याचे किरण एक-दोन मिलिमीटरच्या पुढे फारसे जात नाहीत. त्वचेचा प्रश्न नाही.

छातीचा एक्स-रे, दाताचा एक्स-रे, सीटी?

त्वचेच्या कॅन्सरच्या दृष्टीने काळजी नको. खवडेवाल्या मुलांच्या टाळूला मिळालेली मात्रा छातीच्या एका एक्स-रेच्या हजारो पट होती.

मुलांना, नातवंडांना यातून काही जाईल का?

नाही. बाहेरून दिलेलं रेडिएशन शरीरात उरत नाही. त्या माणसाच्या ताटात जेवलात, त्याच्या शेजारी झोपलात, बाळाला त्याच्या मांडीवर दिलंत, काहीही होत नाही.

त्वचेशिवाय आणखी काही बघायला हवं?

डोकं, मान किंवा छाती यांना लहानपणी रेडिएशन मिळालं असेल तर हो. खवडेवाल्या मुलांत पुढे थायरॉइडच्या गाठी आणि मेंदूच्या आवरणाचे मेनिन्जिओमा हे ट्यूमरही जास्त आढळले. इस्रायलने १९९४ मध्ये या लोकांच्या भरपाईसाठी कायदाच केला. म्हणून गळा वर्षातून एकदा डॉक्टरांच्या हाताने तपासून घ्या, गाठ लागली तर सोनोग्राफी. वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, एका डोळ्याला कमी दिसणं, यांची दखल घ्या. लक्षण नसताना दरवर्षी एमआरआय करण्याची गरज नाही, आणि तो कुणी उगाच करायला सांगितला तर का, हे विचारा.

नागपुरात कुठे जायचं? खर्च?

पहिल्या तपासणीला मोठं हॉस्पिटल लागत नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं किंवा मिहानमधलं एम्स, यांच्या त्वचारोग ओपीडीत केस पेपर काढला की पुरे. धंतोली-रामदासपेठेत खासगी त्वचारोगतज्ज्ञ भरपूर आहेत, फक्त डर्मोस्कोप आहे का आणि बायोप्सी करतात का, हे आधी फोनवर विचारा. कॅन्सर ठरला तर राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहेत. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, ऑपरेशन झाल्यावर नाही. मंजुरी आधी लागते.

गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडून येणाऱ्यांना एक सूचना: तिथल्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला असेल, तर रिपोर्टच्या जोडीला पॅथॉलॉजीची काचपट्टी आणि मेणाचा ठोकळाही मागून आणा. इथे तो तुकडा पुन्हा तपासता येतो, दुसरी बायोप्सी टळते.

तपासणीला येताना काय आणू, काय करू?

जुनी फाईल असेल तर ती, नसेल तर वयाने मोठं असलेलं घरातलं एखादं माणूस, ज्याला त्या उपचाराचं आठवतं. सध्याच्या गोळ्यांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणारी. मोबाईलवरचे जुने फोटो. लग्नातला चालतो, पाच वर्षांपूर्वी तो ठिपका होता की नाही हे त्यात दिसतं. चेहऱ्याला पावडर, कपाळाला टिकली नको. टाळू दाखवायची असेल तर आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. आणि मेंदी किंवा डाय नुकताच लावला असेल तर थोडं थांबून या. रंगलेल्या टाळूवर डर्मोस्कोपखाली सगळंच तपकिरी दिसतं.